बाजेच्या उंचीचा पाळणा

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. साल नक्की सांगता येणार नाही, पण दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. माहेर धानोऱ्याचं, शेतकरी घर. सातव्या महिन्यात दादा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले. सासूबाईंनी ओटी भरताना बजावलं, "पहिलं बाळ आहे. पाळणा माहेरचा येतो, विहिणीला सांगा." आणि लगेच जीभ चावली. विहीण नव्हतीच. माझी आई मी सात वर्षांची असतानाच गेली होती.

पाळण्याची गोष्ट अशी दादांच्या अंगावर पडली. पुरुषाने पाळणा निवडायला जाणं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. बैलाची जोडी निवडायची असती तर त्यांनी दात बघून, शेपटी धरून अर्ध्या तासात सौदा केला असता. पण गाडी गावाबाहेर पडल्यापासून ते गप्प होते. तापी ओलांडल्यावर त्यांनी विचारलं,

"पोरी, पाळणा कसा पाह्यजे तुले?"

मला काय कळत होतं? वय अठरा. मी म्हटलं, "घरमा शे ना एक."

"तो नको," दादा म्हणाले, आणि पुन्हा बैलांकडे बघू लागले.

घरातला पाळणा म्हणजे मधल्या खोलीतल्या आढ्याला टांगलेला. शिसवी, चार कोपऱ्यांना लाकडी मोर, त्यातल्या एका मोराची मान तुटलेली. मी त्यात वाढले, माझा भाऊ त्यात वाढला. भावाला वाढवलं ते फुईने. फुई म्हणजे दादांची थोरली बहीण. आईला जाऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा ती कायमची आमच्याकडे आली. स्वतः बालविधवा, मूल कधी मांडीवर घेतलेलं नाही, आणि आल्या दिवसापासून एका तान्ह्या पोराची आई झाली. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून दळायला बसायची. भाऊ आता धुळ्याला बोर्डिंगात शिकत होता, उंचीने फुईच्या खांद्याला लागला होता, तरी तो पाळणा ती दर दिवाळीला खाली उतरवून तेल लावून पुसायची.

म्हणून दादांनी नव्या पाळण्याचं नाव काढलं तेव्हा ती आधी हसली. मग तिला कळलं की दादा खरंच बोलताहेत.

"पाळणा शे ना घरमा! नवा कसाले?"

"मोर तुटेल शे."

"मोर तुटना तं काय पोर पडी जाई का?" ती म्हणाली. "आनि येवाना आधी पाळणा आनतस का कोनी? रिकामा पाळणा घरमा चांगला नही, भाऊ."

ही भीती मलाही होती. बाळ यायच्या आधी पाळणा आणायचा नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. दादा फुईला उलट बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "आनत नही. देखी येस फक्त."

चार दिवसांनी नंदुरबारचा बाजार होता. दादांनी गाडीत कडब्याचा जाड थर घातला, वर गोधडी अंथरली आणि मला म्हणाले, "तू चाल. माले ह्यामातलं काही कळत नही." फुई दारात उभी राहिली, पण अडवलं नाही. गाडी हळू हाकायची ताकीद मात्र वेशीपर्यंत ऐकू येत होती.

पेठेत एका मारवाडी सावकारांचं भांड्यांचं मोठं दुकान होतं. घराणं दोन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं, आता आमच्यासारखंच अहिराणी बोलणारं. माझ्या लग्नातली भांडी तिथलीच. शेठजींनी गादीवरून उठून मला बसायला चटई दिली आणि माणसाकरवी माळ्यावरून पाळणा उतरवला. पितळी कड्या, पितळी साखळ्या, साखळीच्या मधोमध पोपट, आणि पोपटांच्या पोटात खडे.

"हाई देखा पाटील. हालावं का पोपट वाजतस. पोर रडनं इसरी जाई."

खरंच सुंदर होता. मी बोटाने एक पोपट हलवून पाहिला. पण दादांनी त्याकडे धड पाहिलंच नाही.

"टांगाना नको," ते म्हणाले. "खाले ऱ्हाई असा शे का?"

"खाले ठेवा तं तो पाळणा कसाना?" शेठजी हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "आमना घरमा एक शे. सुरतकडला. बाई आतमा जाईसन देखी येऊ दे."

दादा आत येऊ शकत नव्हते, तिथे बायकांचा वावर होता. मी एकटी मागच्या चौकात गेले. शेठजींची सून घुंगट आवरत उभी राहिली. तिच्याजवळ गुजराथी घोडियुं होतं, म्हणजे दोन बाजूंना लाकडी पाय, वर आडवा दांडा आणि दांड्याला टांगलेली कापडाची झोळी. कुठेही उचलून ठेवावं. झोळीत तिचं तीन महिन्यांचं पोर झोपलेलं. दोरी ओढली की झोळी अशी लयीत झुलायची की मलाच डुलकी यावी. त्या सुनेने माझ्या पोटाकडे बघितलं, डोळ्यांनीच विचारलं, कितवा? मी बोटं दाखवली. ती आत जाऊन माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली. आमचं एवढंच बोलणं झालं, पण ती बाई मला अजून आठवते.

बाहेर येऊन मी दादांना सगळं सांगितलं. मला घोडियुं पसंत होतं. हलकं होतं, आणि आढ्याची गरज नव्हती. दादांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"बाजवर पडेल बाईले पोरनं तोंड दखास का त्यामा?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. "नही. झोळी खोल शे. उठीसन, वाकीसन देखनं पडस."

"मंग नको."

शेठजी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दादांनी त्यांना रामराम केला, मला गोडीशेव घेऊन दिली आणि आम्ही रिकाम्या हाताने परत निघालो. वाटेत मला राग आला होता. पोपट नको, झोळी नको, घरचा नको. मग हवं तरी काय? पण वडलांना असं विचारायची रीत नव्हती. मी शेव खात बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दादा वावरात गेले नाहीत. चुलीतला एक कोळसा घेऊन ते माझ्या खोलीत आले. बाळंतिणीसाठी फुईने ती खोली नुकतीच सारवली होती. कोपऱ्यात नवी सुतळी विणलेली बाज होती.

"आडी पड," ते म्हणाले.

मी पडले.

"कुशीवर हो. आते हात लांबा कर. उठू नको. अंगमा ताप शे, उठाले जमत नही, असं समज. हात कोठपावत जास?"

मी हात लांब केला. बाज माझ्या वजनाने मध्ये खाली गेली होती. जिथे माझी बोटं पोचली तिथे दादांनी भिंतीवर कोळशाने रेघ मारली. मग गुडघ्यावर बसून, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आपले डोळे आणून त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं, आणि तिच्या वीतभर खाली दुसरी रेघ मारली.

एवढ्यात फुई दारात आली. हातातलं सूप तिने खाली टाकलं.

"भाऊ, हाई काय करी ऱ्हायना तू? मरेल मानूसनं माप लेतस असं! जित्ती पोरनं कोनी माप लेस का?"

मी उठू लागले तर दादांनी हाताने थांबवलं. ते फुईकडे वळले नाहीत. भिंतीकडे बघूनच बोलले, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, तू मंग उनी. तू नही देखं. नऊ दिन हिन्ही माय ह्याच कोपरामा पडेल व्हती. ताप उतरेच ना. पोर तठे मधली खोलीमा, आढ्याले. रडे तं ती म्हने, माले दखाऊ द्या. मी पोर लई येऊ, तिन्हा बाजूले ठेवू. पन तिले भान नही ऱ्हाय, अंगखाले येई जाई म्हनीसन दाई परत उचली ले. मी दिवसभर वावरमा. सांजले येऊ तं ती तसीच दारकडे देखी ऱ्हायनी. तिन्हा हात पुरे ना, बाई. मानूसना डोळाले पोर दखास नही आनि कानले आयकाले येस, हाई काय चांगलं शे का?"

 फुई खाली बसून सांडलेले तांदळाचे दाणे वेचू लागली.

मी बाजेवर तशीच पडून होते. दादांना आठवत होतं ते मलाही आठवत होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्या नऊ दिवसांत पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. आई आतल्या खोलीतून विचारायची, "बाळ जागं शे का?" पाळणा उंच, मी लहान. चौरंग ओढून त्यावर चढावं लागे. पहिले दोन दिवस मी चढून बघत असे आणि ओरडून सांगत असे. मग कंटाळले. न बघताच सांगू लागले, "झोपी गया." आई त्यावर "बरं" म्हणायची. तिला ते खरं वाटायचं की नाही, कोण जाणे. ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दुपारी दादांना सांगावीशी वाटली, पण मी उठून सूप उचललं. पुढेही सांगितली नाही. आज लिहिते आहे तेवढंच.

संध्याकाळी दादा सुताराकडे गेले आणि मलाही बरोबर नेलं. सुतार म्हातारा होता, कानाने कमी ऐकायचा, त्यामुळे सगळं गाव ऐकेल एवढ्या आवाजात बोलायचा. दादांनी काठीवर खुणा करून माप आणलं होतं.

"बाज रिकामी मोजी का मानूस टाकीसन?" त्याने आधी हेच विचारलं.

"मानूस टाकीसन."

"मंग बरोबर शे." त्याने जमिनीवर पाणी शिंपडून बोटाने चित्र काढलं. चार पाय, खाली सुतळीची वीण, तीन बाजूंना उभ्या गजांचा कठडा. चौथी बाजू, बाजेकडची, आखूड गजांची, फक्त वीतभर उंच, म्हणजे निजल्या निजल्या हात पलीकडे जाईल आणि बाळ बाजेवर गडगडून येणार नाही. पायांना खाली वाकडी लाकडं लावू का, डोलेल, असं त्याने विचारलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला खरं मत विचारलं जात होतं. मी म्हटलं, डोलायला नको. डोललं की ते बाजेपासून सरकेल. मला ते बाजेला टेकूनच हवंय.

म्हातारा मोठ्याने हसला. "पाटील, हाई पाळणा नही. हाई तं बाजनं पिलू शे! माय बठेल शे आनि वासरू कुशीले लागेल शे."

लाकूड नवापूरकडचं सागवान होतं, गोठ्याच्या दाराला आणलेलं, त्यातून उरलेलं. राहिला फुईचा धाक. रिकामा पाळणा घरात नको. तो प्रश्न सुतारानेच सोडवला. म्हणाला, "मी जोडतच नही. पाय वायला, गज वायला. ही लाकडं शेत, पाळणा कोठे शे? पोर उनं का बलवा, घटकामा उभा करी देस." त्याप्रमाणे दीड-दोन महिने ते सगळे तुकडे त्याच्या पडवीत दोरीने बांधून पडले होते. मी पाणी आणायला जाता-येता बघायची. कधी गज गुळगुळीत झालेले दिसायचे, कधी पायांना तेल लागलेलं. फुईही बघायची, पण न बघितल्यासारखं करून.

मुलगी झाली. सकाळची वेळ होती, बाहेर दुधाची भांडी वाजत होती. सुईणीने बाळाला न्हाऊ घालून माझ्या कुशीत दिलं तोवर गल्लीपलीकडून सुताराच्या हातोड्याचा आवाज येऊ लागला होता. दादा मुलगा की मुलगी हे न विचारताच तिकडे पळाले होते. फुई त्यांना मागून ओरडून सांगत होती, "आंडेर शे, भाऊ! लक्ष्मी उनी!" ऐकून ते थांबले, हात जोडले आणि पुन्हा चालू लागले.

पाळणा सुताराने स्वतः डोक्यावरून आणला. बाजेला लावला तर एक पाय अधांतरी. सारवलेली जमीन उंचसखल, त्याला सुतार काय करणार? तो पाचर करायला बसणार इतक्यात फुई फुटक्या मडक्याची एक खापरी घेऊन आली, पायाखाली सारली, हाताने हलवून पाहिलं आणि आपल्या जुन्या लुगड्याची मऊ चौघडी आत अंथरली.

मी कुशीवर झाले. बाळाचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. कपाळावर बारीक लव, एक कान दुमडलेला. मी बोट पुढे केलं, ते तिने धरलं. दादा दारातच उभे होते. बाळंतिणीच्या खोलीत ते आत येत नसत. "दखास का?" त्यांनी विचारलं. "दखास," मी म्हटलं. ते निघून गेले.

सहाव्या दिवशी मला ताप भरला. दुपारपर्यंत अंग असं तापलं की गोधडीचा स्पर्श नको वाटे. सुईणीने काढा दिला, ओव्याची धुरी केली. त्या दिवशी फुईचा चेहरा जसा झाला होता तसा मी नंतर कधी पाहिला नाही. ती खोलीतून हलेना. दादा ओट्यावर बसून होते, आत-बाहेर कुणी गेलं की मान वर करायचे. मला मधून मधून गुंगी यायची. डोळे उघडले की आधी गज दिसायचे, मग त्यांच्यामागे पोरीची मूठ. एकदा तिने कुरकुर केली. मी हात टाकला, तिच्या पोटावर थोपटलं, ती थांबली. फुई ते बघत होती. ती उठली आणि पाळणा, खापरीसकट, आणखी दोन बोटं माझ्याकडे सरकवला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तो दूध साचल्याचा ताप होता, असं सुईण म्हणाली. शेकून, चोळून बरा झाला. तो पाळण्यामुळे उतरला नाही, हे मलाही कळतं. पण त्या तीन दिवसांत मी घाबरले नाही, एवढं मात्र त्या सागवानी गजांमुळे झालं.

बारशाच्या दिवशी फुई सकाळी लवकर उठून दादांसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, नाव ठेवानं तं टांगेल पाळणामाच व्हई. बाया गोल बसतीन, पाळणा म्हनतीन, तुन्हा बाजना पिलूले कोन हालावी?"

दादा म्हणाले, "तुन्हाच पाळणामा ठेव. तूच ठेव."

तिने मोरांचा पाळणा झेंडूच्या माळांनी असा सजवला की तुटक्या मानेच्या जागी सगळ्यांत मोठं फूल होतं. गल्लीतल्या बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या. विधवा बाईने बाळाला पाळण्यात घालू नये, असं कुणीतरी कुजबुजलं. ते माझ्या कानावर आलं. मी बाळ उचललं, सगळ्यांसमोर फुईच्या हातात दिलं आणि पदर खोचून तिच्या शेजारी उभी राहिले. दादा ओट्यावर होते. त्यांनी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाई, ठेव ना आते. येळ व्हई ऱ्हायना." फुईने ठेवलं. बाळाच्या कानात नावही तिनेच सांगितलं. कुजबुजणाऱ्या बाईनेही मग पाळणा म्हटला, आणि तिचाच आवाज सगळ्यांत गोड होता.

तीन महिन्यांनी मी सासरी निघाले. पाळणा गाडीच्या मागच्या बाजूला बांधला होता. सासूबाईंनी तो बघून आधी नाक मुरडलं. माहेरचा पाळणा म्हणजे पितळी साखळ्या असतील, अशी त्यांची समजूत. माझे यजमान शाळामास्तर, त्यांनी एकदा निजून, हात लांब करून बघितला आणि म्हणाले, "हा ज्याने काढला त्याला भूमिती येते." माझे वडील तिसरीपर्यंतही शिकले नव्हते, हे ऐकून त्यांना खोटं वाटलं. पंधरा दिवसांत सासूबाईच शेजारणींना दाखवू लागल्या. त्या नातीला आपल्या बाजेशेजारी घेऊन निजायच्या आणि पाळणा तिथेही लागायचा, कारण बाजा सगळीकडे सारख्याच उंचीच्या.

त्यात माझी चार मुलं वाढली. मधल्या काळात तो गल्लीत फिरला. कुणाची सून आजारी पडली की माणूस यायचा, "मास्तरीणबाई, तो बाजेजवळचा पाळणा द्याल का महिनाभर?" धानोऱ्याच्या सुतारानेही तसे आणखी दोन-तीन केले, असं ऐकलं. त्याने एकाला तर खरंच तशी डोलणारी लाकडं लावली होती आणि तो रात्रभर सरकत जाऊन भिंतीला लागायचा म्हणे.

दादा मुलीकडे पाण्याचा घोट घेण्यापलीकडे थांबत नसत. पण माझ्या दुसऱ्या मुलाच्या वेळी आले तेव्हा दुपारभर राहिले. मी स्वयंपाकात होते. डोकावून पाहिलं तर ते रिकाम्या बाजेवर कुशीवर निजले होते, पागोटं उशाशी काढून ठेवलेलं, आणि पाळण्यातल्या नातवाच्या तोंडाकडे बघत होते. नातू जागा होता. त्याने पाय झाडले, दादांनी हात पुढे केला. कामाने फाटलेली बोटं त्या बारीक पावलाभोवती अलगद मिटली. मी तशीच मागे फिरले आणि भाकरी थापत राहिले.